रेसिटेटिव्हला कात्री लावण्याआधी

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला, आधी मनापासून अभिनंदन. अठराव्या शतकातलं लाकडी थिएटर, तेव्हापासून कुणी हात न लावलेला ऑपेरा, आणि त्यात तुला असिस्टंट डायरेक्टरचं काम, हे काय रोज मिळतं का कुणाला. पण शेवटी तू सहज जाता जाता लिहिलंयस ना, की रेसिटेटिव्ह, म्हणजे गाण्यांच्या मधले बोलल्यासारखे गायचे संवाद, लोकांना बोअर होतात म्हणून निम्मे उडवायचं चाललंय आणि कुठले उडवायचे ते तुलाच ठरवायला सांगितलंय, मला बोलायचंय ते त्यावरच.

हे ऑपेरे विसरले का गेले ते बघ. वाईट होते म्हणून नाही गं. इटलीत तेव्हा दर कार्निव्हलला नवीन काम लागायचं, स्कोअर सहसा छापायचेच नाहीत, हाताने नकला करायच्या. छापलं जायचं ते लिब्रेटो, म्हणजे नुसत्या शब्दांची संहिता, आणि तीच संहिता पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात दुसरा संगीतकार घ्यायचा. कवी मेटास्टासिओचं 'आलेस्सांद्रो नेल्लिंडिए' घे, म्हणजे सिकंदर आणि आपला पोरस. ते पहिल्यांदा संगीतात बांधलं लिओनार्दो विंचीने (चित्रकार तो वेगळा), प्रयोग २ जानेवारी १७३० ला रोममध्ये. मे महिन्यात विंची वारला. १७३१ मध्ये लंडनला हँडलने आणि ड्रेस्डेनला हासेने त्याच संहितेवरून आपापले ऑपेरे केले, पुढे कित्येकांनी केले. सूर बदलत गेले आणि नाटक टिकलं. आपण आज बरोबर उलटं करतो, आरिया, म्हणजे एकट्याची गाणी, जपतो आणि नाटक कापतो.

आता याच ऑपेराचा पहिला अंक नीट बघ, कारण मला म्हणायचंय ते सगळं त्यात आहे. पोरो, म्हणजे पोरस, आपल्या प्रेयसीवर, राणी क्लेओफिदेवर, संशय घेतो, ती समजावते, मग तो शपथ घेतो की पुन्हा मत्सर केला तर हिंदुस्थान जिंकणारा देव मला शिक्षा करो. तीही शपथ घेते, तुझं स्वास्थ्य बिघडवलं, दुसऱ्या कुणावर जीव जडवला तर माझ्या मनाला कधीच शांती न लाभो. दोघांना एकेक सुंदर आरिया. मग ती सिकंदराच्या छावणीत जाते, पोरो वेष पालटून तिथे हजर, संशय पुन्हा पेटतो, आणि अंक संपताना ड्युएटमध्ये, म्हणजे दोघांच्या गाण्यात, तो तिची शपथ तिलाच म्हणून दाखवतो आणि ती त्याची त्याला. केवढा झोंबणारा टोमणा आहे हा! पण मधलं बोलणं कापलंस तर प्रेक्षकाला फक्त गोड ड्युएट ऐकू येणार, टोमणा कळणारच नाही.

लोक बोअर होतात हे खरंय, नाही म्हणत नाही. पण कशाने होतात? गायक रेसिटेटिव्ह एका चालीत, स्कोअरमध्ये जशा मात्रा लिहिल्यात तशाच मोजून म्हणतात म्हणून. ते बोलणं आहे. पहिले काही दिवस हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) बंद ठेव, टेबलाभोवती सगळ्यांना बसव आणि संगीत नाटकाच्या तालमीत गद्य वाचतात तसं वाचून घे, कुठे तोडायचं, कुठे समोरच्याच्या तोंडातलं वाक्य पळवायचं ते तिथे ठरू दे, मग हार्पसिकॉर्ड आणि चेलोवाल्यांना बोलव. त्यांच्यासाठी कागदावर फक्त बासची ओळ आणि वर आकडे असतात, बाकी सगळं ते तिथल्या तिथे भरतात, त्यामुळे गायक नक्की काय बोलतोय हे त्यांना कळलंच पाहिजे.

आणि थिएटरचं ऐक. स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोमला जाऊन ये, १७६६ चं आहे, १७९२ मध्ये राजा तिसरा गुस्टाव्ह मारला गेला आणि ते बंद पडल्यासारखंच झालं, १९२१ मध्ये नाट्य-इतिहासकार आग्ने बायर आत शिरला तेव्हा स्टेजचे पडदे आणि मशिनरी जागच्या जागी होती. अजून तिथे स्टेजखाली माणसं लाकडी चरक फिरवतात आणि दोन्ही बाजूंचे रंगवलेले विंग्ज प्रेक्षकांसमोरच काही सेकंदांत बदलतात. ते विंग्ज मागे मागे लहान होत जातात, त्यामुळे नट मागे गेला की शेजारच्या खांबापेक्षा उंच दिसायला लागतो, आणि मेणबत्त्यांच्या काळात मागे उजेडही कमी असायचा. म्हणजे नट पुढे उभे राहून बोलायचे, आणि लोकांच्या हातात छापील लिब्रेटो असायचं, कारण प्रेक्षागृहात उजेड असायचा. सगळी रचना शब्द ऐकू जावा म्हणूनच. आपल्याकडे आता सरटायटल आहेत, म्हणजे स्क्रीनवर दिसणारं भाषांतर, ते तू स्वतः लिही, छोटे लिही, आणि गायक बोलायच्या आधी स्क्रीनवर उत्तर येऊ देऊ नकोस.

हो, आणि ऑथेंटिक ऑथेंटिक करत अडकू नकोस. रोममध्ये तेव्हा बायकांना स्टेजवर बंदी होती, विंचीच्या ऑपेरात क्लेओफिदे गायला जाचिंतो फोंताना, बायकांच्या भूमिकांसाठीच गाजलेला. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या घरातून आलेल्या तुला हे वेगळं समजवायला नको. २०२२ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या १७४८ च्या ऑपेरा हाऊसमध्ये विंचीचा हाच ऑपेरा सगळे पुरुष घेऊन केला आणि चालला. पण तिसऱ्या अंकात क्लेओफिदे चितेत उडी घ्यायला निघते, तिथे लाकडी थिएटरमध्ये खरी ज्योत कुणी मागितली तर सरळ नाही म्हण, कुणीही असो, ऐतिहासिकतेच्या नावाखाली तर अजिबात नाही.

कापायचंच झालं तर वाक्यावाक्यातून दोन दोन शब्द उचलू नकोस, त्याने सूर पण लंगडतो आणि अर्थ पण. दुय्यम जोडीचा अख्खा प्रसंग काढ, आणि समासात लिहून ठेव की हा काढल्यावर प्रेक्षकाला कुठली गोष्ट कळणार नाही. समास भरत आला तर तो प्रसंग परत आत घे.

तुमच्या ऑपेराच्या पहिल्या अंकाची संहिता पाठव, इटालियनच पाठव. रविवारी कॉलवर दोघी मिळून मोठ्याने वाचू, एक पात्र तू घे, एक मी घेते.

तुझी ताई