ब्यावोव्येझाला पहिल्यांदा जाताय?

पूर्व पोलंडमधली, बेलारूसच्या सीमेला लागून असलेली ही ग्रामीण पालिका. जंगलासाठी किमान दोन दिवस ठेवा. राष्ट्रीय उद्यानाच्या कडक संरक्षित भागात परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही, म्हणून तो आधीच ठरवा. तिथे पडलेले ओक आणि हॉर्नबीम उचलत नाहीत. कुजणारं लाकूड म्हणजे बुरशी, भुंगेरे, सुतारपक्षी यांचं घर. त्यावर पाय देऊ नका.

झुब्र, म्हणजे युरोपीय बायसन, आपल्या गव्यापेक्षा वेगळा प्राणी. 1919 मध्ये इथला शेवटचा रानटी झुब्र मारला गेला; 1952 पासून कुंपणात वाढवलेले पुन्हा जंगलात सोडले. उन्हाळ्यात ते दाट झाडीत शिरतात, दुपारी सहसा दिसत नाहीत. पहाटे कुरणांच्या कडेला थांबा, निदान 50 मीटर लांब. शेपूट उंच झाली की शांतपणे मागे सरा.

गोचिडींपासून मेंदूज्वर होतो, तेव्हा लस हवीच. पहिल्या दोन डोसमध्ये 1 ते 3 महिन्यांचं अंतर लागतं, त्यामुळे ऐनवेळी जमत नाही. पँट मोज्यात खोचा.

गावात राजवाडा उद्यानातला पोलंडचा राजा ऑगस्ट तिसरा याच्या 1752 च्या शिकारीच्या आठवणीचा वालुकाश्माचा स्तंभ आणि ऑर्थोडॉक्स चर्चमधली चिनी मातीची चित्रभिंत चुकवू नका. ही भिंत फारच देखणी आहे.