‘मेमरी अ‍ॅक्सेस’ : प्रवेश, पोच की व्यवहार?

प्रश्न असा आहे : प्रोग्रॅमेबल लॉजिकच्या, म्हणजे आतली जोडणी नंतर हवी तशी ठरवता येणाऱ्या, चिपांविषयी मराठीत टिपण लिहिताना ‘मेमरी अ‍ॅक्सेस’साठी, म्हणजे मेमरीतली माहिती वाचण्यासाठी किंवा तीत लिहिण्यासाठी, ‘स्मृतिप्रवेश’ चालेल का, की ‘मेमरीपर्यंतची पोच’ म्हणावे; आणि ‘नेटवर्क ऑन चिप’ला, म्हणजे चिपच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या जाळ्याला, ‘चिपवरील जाळे’ म्हटले, तर ते चिपला वरून चिकटवलेले काहीतरी वाटेल का?

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. ‘वरील’ म्हटले की वस्तू पृष्ठभागावरच असली पाहिजे, असे मराठीत नाही. शेतावरची विहीर शेतातच खोदलेली असते. शिवाय चिपमध्ये तारांचे थर ट्रान्झिस्टरांच्या वरच घातलेले असतात. मला स्वतःला ‘चिपमधले जाळे’ अधिक सहज वाटते. ‘जाल’ मात्र टाळावे, कारण ‘आंतरजाल’ या शब्दात ते रुळले असले, तरी सुटे वापरल्यास ‘तुम्ही जाल’ या क्रियापदाशी त्याची गल्लत होते.

‘अ‍ॅक्सेस’साठी मात्र हे जाळे काय काम करते, ते आधी पाहावे लागते. १९८५ साली झायलिंक्स या कंपनीने एक्ससी२०६४ ही एफपीजीए (अशीच प्रोग्रॅमेबल लॉजिकची चिप) आणली, तेव्हा तिच्यात ६४ लॉजिक ब्लॉक, म्हणजे तर्कक्रिया करणारे छोटे भाग, होते आणि ते हव्या त्या रीतीने जोडण्यासाठी सर्वसाधारण तारा व स्विच होते. पुढे चिपा मोठ्या झाल्या, बाहेरच्या मेमरीचा वेग वाढला, आणि शेकडो तारांचा रुंद गठ्ठा त्याच सर्वसाधारण तारांतून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेणे जड जाऊ लागले. तारा अपुऱ्या पडतात आणि स्विच ओलांडता ओलांडता उशीर वाढत जातो. चिपमध्ये जागोजागी स्वतंत्र तारा ओढण्याऐवजी सामायिक जाळ्यातून पाकिटे (‘पॅकेट’, म्हणजे पत्ता घातलेले माहितीचे तुकडे) पाठवावीत, हा विचार संशोधक विल्यम डॅली आणि ब्रायन टोल्स यांनी २००१ साली ठामपणे मांडला होता. झायलिंक्सने २०१८ साली जाहीर केलेल्या व्हर्सल मालिकेत असे जाळे चिप घडवतानाच पक्के बसवलेले असते आणि मेमरीचे नियंत्रक, म्हणजे मेमरीचे वाचन-लेखन सांभाळणारे भाग, त्याला जोडलेले असतात.

आता या जाळ्यात मेमरीतली माहिती कशी मिळते, ते पाहा. ज्या लॉजिकला ती हवी असते, ते मेमरीत शिरत नाही. ते मागणी करते. जाळ्याच्या तोंडाशी त्या मागणीचे पाकीट होते, वाटेतले स्विच त्यावरचा पत्ता पाहून ते पुढे पाठवतात, नियंत्रक मागणी पुरी करतो आणि उत्तराचे पाकीट परत येते. सारा प्रकार टपालाचा आहे, आणि म्हणूनच येथे ‘पॅकेट’साठी ‘पुडी’पेक्षा ‘पाकीट’ हा शब्द मला इतका नेमका वाटतो : पुडीवर पत्ता नसतो, पाकिटावर असतो.

‘प्रवेश’ या शब्दात आत जाणे आणि त्यासाठी लागणारी परवानगी, असे दोन अर्थ आहेत. पहिला येथे लागूच होत नाही. दुसरा उपयोगाचा आहे, पण वेगळ्या ठिकाणी : मेमरीचा एखादा भाग कोणाला वापरता येईल हे ठरवायचे असते, तेथे ‘प्रवेश नाही’ हेच योग्य. ‘पोच’ची अडचण निराळी आहे. हात पोचतो तेवढा आवाका म्हणजे पोच, आणि वस्तू मिळाल्याची खूण म्हणजेही पोच. मेमरीत लिहायला पाठवलेली माहिती स्वीकारली गेली, हे कळवणारे जे उत्तर मागे येते, ते दुसऱ्या अर्थाने अगदी पोचच असते. आर्म कंपनीच्या एएक्सआय या, चिपच्या भागांनी आपसात माहितीची देवघेव कशी करावी हे ठरवणाऱ्या, पद्धतीत तर त्यासाठी वेगळी वाहिनीच राखलेली आहे. इतका चपखल शब्द त्या उत्तरासाठीच राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझी पसंती ‘मेमरी-व्यवहार’ या शब्दाला आहे. एएक्सआयमध्ये अशा प्रत्येक देवघेवीला ‘ट्रॅन्झॅक्शन’च म्हणतात, आणि ‘पत्रव्यवहारा’त मागणी व उत्तर ही दोन्ही टोके आधीपासून आहेत. ‘वाचन-व्यवहार’ आणि ‘लेखन-व्यवहार’ असे पुढचे शब्दही त्यातून सहज निघतात. याचा आणखी एक लाभ असा की, ‘व्यवहार’ म्हटले की हिशेब आलाच. डीरॅम या नेहमीच्या प्रकारच्या मेमरीत माहिती ओळींमध्ये साठवलेली असते; एकदा उघडलेल्या ओळीतले शेजारचे ‘शब्द’ (वर्ड, म्हणजे माहितीचे ठरावीक लांबीचे तुकडे) स्वस्तात वाचता येतात, तर विखुरलेल्या पत्त्यांसाठी एक ओळ मिटून दुसरी उघडण्याचा वेळ पुन्हापुन्हा मोजावा लागतो. म्हणजे एकेक शब्द मागणे हा किरकोळ व्यवहार आणि सलग मोठा तुकडा एकदम मागणे, ज्याला ‘बर्स्ट’ म्हणतात, तो घाऊक व्यवहार. त्याच न्यायाने ‘एफिशियंट’साठीही ‘कार्यक्षम’पेक्षा ‘किफायतशीर’ अधिक नेमका ठरेल.

‘मेमरी’ तशीच ठेवावी, कारण वाचक तोच शब्द वापरतात. ‘स्मृती’च हवी असेल, तर सुटा शब्द दीर्घान्त लिहावा आणि समासात, तत्सम असल्यामुळे, ऱ्हस्व : ‘स्मृतिव्यवहार’.