बोट डावीकडेच का ओढते? : आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटींविषयी वाचकांचे प्रश्न

62 सें.मी.ची ब्रशलेस (ब्रश नसलेल्या मोटरची) डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) बोट जोडून झाली आहे. तळ्यावर नेण्याआधी घरी काय तपासावं?

लहान मुलांचा फुगवायचा पूल असेल तर उत्तम. बॅटरी बसवून बोट पाण्यात सोडा आणि मागून बघा. एका बाजूला कलत असेल तर बॅटरी सरकवा. पंधरा मिनिटांनी हॅच (वरचं झाकण) उघडून आत कोरडा टिश्यू फिरवा. पाणी बहुधा तीन जागांतून येतं: शाफ्टच्या (मोटर आणि प्रोपेलर जोडणाऱ्या दांड्याच्या) नळीतून, सुकाणूच्या दांड्यावरच्या रबरी बूटातून, नाहीतर कूलिंगची सिलिकॉन नळी निसटल्यामुळे.

मग तोल. बोट हाताच्या दोन बोटांवर उचलून पाहा. या प्रकारच्या हलचा (बोटीच्या सांगाड्याचा) गुरुत्वमध्य मागच्या भिंतीपासून लांबीच्या 30 ते 33 टक्क्यांवर असावा, म्हणजे तुमच्या बोटीत 18.5 ते 20.5 सें.मी.वर. तिथे मार्करने खूण करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

शेवटी रेडिओ. आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू, मग बोट. बंद करताना नेमकं उलट. प्रोपेलर काढा, बोट स्टँडवर ठेवा, थोडा थ्रॉटल (मोटरचा जोर) द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर लगेच थांबायला हवी. थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटर थांबवणारी सोय) नीट बसलेला नाही. तो शून्य थ्रॉटलवर सेट होईपर्यंत बोट पाण्यात नेऊ नका. 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात टिकत नाही, त्यामुळे अँटेना पाण्याच्या पातळीच्या वरच हवी.

सुकाणू सरळ असूनही बोट डावीकडे कलते आणि वळते. ट्रिम दिली (रिमोटवरून सुकाणूची मधली जागा थोडी सरकवली) की सुधारते, पण वेग वाढला की पुन्हा तेच.

आधी एक सोपी चाचणी करा. बोट वेगात सरळ न्या आणि थ्रॉटल एकदम सोडा. घसरत जाताना ती सरळ गेली, तर दोष प्रोपेलरच्या टॉर्कचा (फिरण्याच्या पिळाचा). तशीही डावीकडेच वळत राहिली, तर सुकाणू वाकडं आहे किंवा हलला पीळ पडला आहे. मग ट्रिम टॅब (बोटीच्या मागच्या कडेच्या हलवता येणाऱ्या छोट्या पट्ट्या) फिरवत बसण्यात अर्थ नाही.

मागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर हलला उलट, म्हणजे डावीकडे झुकवतो. थ्रॉटल वाढला की झुकणंही वाढतं, म्हणून एकाच ट्रिमवर सगळे वेग सांभाळले जात नाहीत. बॅटरी 3 ते 5 मि.मी. उजवीकडे सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर डाव्या ट्रिम टॅबची मागची कड अर्धा मि.मी. खाली घ्या. टॅब डावी बाजू उचलतो, पण त्याच बाजूचा पाण्याचा विरोधही वाढवतो, म्हणून तो नंतरचा उपाय. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर एक फेरी वाऱ्याच्या दिशेने, एक वाऱ्याविरुद्ध.

कुणी उलट फिरणारा प्रोपेलर लावायचा सल्ला देईल. तो लावलात तर फ्लेक्स शाफ्टही (पिळलेल्या तारांचा लवचिक शाफ्ट) उलट पिळाचा घ्यावा लागतो. नेहमीचा शाफ्ट उलटा फिरवला की उसवतो.

पूर्ण थ्रॉटलवर बोट सशासारख्या उड्या मारते.

पाणी संथ असतानाही मारते ना? मग वजन मागे आहे. बॅटरी 1-1 सें.मी. पुढे घेत जा. दोन्ही टॅब सारखे आहेत का बघा. स्ट्रटचं (शाफ्टला मागे आधार देणाऱ्या भागाचं) प्रोपेलरकडचं टोक वर उचललेलं असेल तर जोर बोटीचा मागचा भाग दाबतो आणि पुढचं टोक उठतं. स्ट्रट तळाला समांतर करा. पण फार पुढेही जाऊ नका. नाक पाण्यात घुसू लागलं की वळणावर बोट पलटी खाते.

वेग वाढवायला 40 ऐवजी 42 मि.मी.चा प्रोपेलर लावला, तर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) तापून हात लावू देत नाही.

हे व्हायचंच होतं. प्रोपेलरच्या तितक्याच फेऱ्यांवर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. 5 टक्के व्यास म्हणजे जवळजवळ 28 टक्के जास्त भार. प्रत्यक्षात फेऱ्या थोड्या उतरतात, तरी करंट चढतोच. आधी 40चाच परत लावा.

मग बाकीचं तपासा. बोट चालताना कूलिंगच्या तोंडातून पाण्याची धार दिसते का? नसेल तर पाणी घेणाऱ्या भोकात शेवाळ अडकलं असेल, उलट्या बाजूने फुंकून काढा. प्रोपेलरचा ड्राइव्ह डॉग (शाफ्टवरचा, प्रोपेलरला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट यांच्यात 2 ते 3 मि.मी. फट ठेवा. भाराखाली फ्लेक्स शाफ्ट आखडतो. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासत राहतो आणि मोटर विनाकारण राबते. शाफ्टला ग्रीस लावा.

वेळेचा अंदाज असा काढा. टायमर लावून 3 मिनिटं चालवा आणि बॅटरीत किती एमएएच (मिलिअँपिअर-तास) परत भरावे लागतात ते चार्जरवर बघा. 5000 एमएएचच्या बॅटरीत 3000 भरले, तर सरासरी करंट 60 अँपिअर, मिनिटाला 1000 एमएएच. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी 80 टक्क्यांच्या पलीकडे रिकामी करायची नसते, म्हणजे तुमची मर्यादा 4 मिनिटं. बॅटरी 60 अंशांच्या वर गेली तर त्याहूनही कमी.

1:25 प्रमाणातली टग (मोठी जहाजं ओढणारी) बोट किती वेगात शोभते?

वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने भागायचा. खरी टग 10 नॉट जात असेल तर मॉडेल 2 नॉट, सेकंदाला साधारण 1 मीटर. काठावर 10 मीटरवर दोन काठ्या रोवा. ते अंतर 10 सेकंदांत कापलं की झालं. वजन मात्र घनाने भागायचं: 250 टनांची टग 16 किलोची होते. शिशाचं वजन तळाशी आणि घट्ट बसवा, सुटं शिसं कलताना त्याच बाजूला घरंगळतं.

बोट तळ्याच्या मध्ये बंद पडली तर?

पाण्यात उतरू नका. जलपर्णीत पाय अडकतो, आणि पवईसारख्या तलावात तर मगरीही आहेत. वारा तोंडावर येईल अशा काठावरूनच बोट सोडा. बंद पडलेली बोट मग तुमच्याकडेच वाहत येते. वारा पडला असेल तर मासेमारीचा गळ आणि दोऱ्याला बांधलेला टेनिस बॉल कामी येतो: बॉल बोटीच्या पलीकडे फेका आणि दोरा हळूहळू ओढत आणा. पण त्याआधी ट्रान्समीटर चालूच ठेवून थ्रॉटल शून्यावर आणा, नाहीतर वाटेत प्रोपेलर अचानक फिरून दोरा गुंडाळून घेईल. हलमध्ये फोमचे तुकडे भरलेले असले की उलटलेली बोटही बुडत नाही.