रात्री तीनची ‘लो’ शुगर : आधी बाबा कुठल्या कुशीवर झोपतात ते बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांच्या दंडावरचा साखर सतत मोजणारा सेन्सर रोज रात्री अडीच-तीनला पन्नाशीत जातो, फोन कोकलतो, तुम्ही त्यांना उठवून साखरपाणी देता आणि सकाळी उपाशीपोटी आकडा 190. वाचता वाचता माझा चहा गार झाला. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच चाललं होतं, फक्त साखरपाणी पिणारा मी होतो.

बाबा सेन्सर असलेल्याच कुशीवर झोपतात का?

सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही. कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो, त्यातली मोजतो. दंड अंगाखाली दबून राहिला की तिथलं अभिसरण मंदावतं आणि आकडा खोटाच खाली येतो. माझा सेन्सर डाव्या दंडावर, आणि मी जन्मभर डाव्या कुशीवर झोपणारा. मला फसवलं ते उपायानेच. अलार्म झाला की उठून बसायचो, तीन चमचे साखर तोंडात टाकायचो, आणि पंधरा मिनिटांत आकडा 54 वरून 110 वर. म्हणजे साखरेने गुण आला! दंड मोकळा झाला म्हणून आकडा वर आला, हे डोक्यातच आलं नाही. साखर रक्तात जायची ती जायचीच, आणि सकाळी मी विचार करत बसायचो की काल रात्री तर फक्त शीत-कडी, म्हणजे भात आणि कढी, खाल्ली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. फोनवर सेन्सरच्या आकड्यांचा जो आलेख दिसतो, तो मी डॉक्टरांना दाखवला. रोज रात्री लो होतंय म्हटल्यावर त्यांनी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची रात्रीची गोळी कमी केली. समोरच्या आकड्यांवरून त्यांनी केलं ते बरोबरच होतं. कुशीचं मी सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, 7.1 वरून 8.3. बायको म्हणाली, “हे यंत्र आल्यापासून तुमची साखर वाढलीय.” खरंच होतं ते.

उलगडा झाला गणेश चवथीला मुलगा घरी आला तेव्हा. रात्री फोन वाजला, तो धडपडत आला आणि मी डबा उघडायच्या आत त्याने माझं बोट टोचलं. सेन्सर 52, ग्लुकोमीटर 121. तो तसाच उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि माझ्या हातात साखरेचा चमचा.

जिथे सेन्सर लावून घेतला, तिथे जाऊन विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “सर, नवा सेन्सर घ्या, मग बघू.” चौदा दिवसांच्या वस्तूचे एवढे पैसे घेता, आणि ‘यावर झोपू नका’ हे तीन शब्द सांगत नाही? असो. चिडून आता काय उपयोग.

आता नीट ऐका, आणि मी डॉक्टर नाही हे धरून ऐका. बाबा इन्सुलिन घेत असतील किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खरी लो होऊ शकते, आणि ती धोक्याची असते. घाम फुटलाय, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध येतंय असं असेल तर मीटर शोधत बसू नका, आधी साखर द्या. पण बाबा शांत घोरत असतील तर आधी बोट टोचा. आणि आलेखाचा आकार बघा: दाबामुळे आलेला खड्डा बहुधा कड्यासारखा सरळ खाली जातो आणि कूस बदलली की तसाच झटकन वर येतो. खरी लो सहसा उतरणीने येते. सेन्सर दुसऱ्या दंडावर लावला आणि खड्डे गायब झाले, तर उत्तर मिळालंच. गोळी मात्र स्वतःच्या मनाने वर-खाली करू नका.

नव्या सेन्सरच्या पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, ते मी सोडून देतो. जेवणानंतर साखर वेगाने चढत असते तेव्हा सेन्सर पाच-दहा मिनिटं मागे असतो, त्यामुळे बोटाशी तंतोतंत जुळला नाही म्हणून भांडू नका. विटामिन सीच्या मोठ्या गोळ्या घेत असतील तर काही सेन्सर आकडा उगाच वाढवून दाखवतात. आणि एकेका आकड्याच्या मागे धावू नका. डॉक्टर साधारणपणे दिवसातला 70 टक्के वेळ 70 ते 180 मध्ये जातो का ते बघतात. वयस्क माणसांसाठी हे बरंच सैल धरतात, कारण त्यांना लो होणं जास्त महागात पडतं.

खरा फायदा मला खाण्यात झाला. पेज हलकी, आजाऱ्याला चालते, म्हणून मी निर्धास्त होतो. माझ्या आलेखात पेजेने भातापेक्षा उंच शिखर काढलं. उकड्या तांदळाचं शीत बरं निघालं. पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, कोंड्याची म्हणून दोन खायचो, आता एकच, आणि भाजी दुप्पट. जेवून वीस मिनिटं अंगणात फिरलो की शिखर ठेंगणं होतं. तुमच्या बाबांचं वेगळं निघेल, माझं बघून त्यांची पेज बंद करू नका.

मे महिन्यात घामाने सेन्सर सुटतो. वरून चिकटपट्टी लावा, पण मधलं बारीक भोक असेल तर ते उघडं ठेवा. माझा एक बनियान काढताना चौथ्याच दिवशी गेला, आणि खोका फेकला होता म्हणून बदलूनही मिळाला नाही.

आज रात्री फोन वाजला तर सेन्सरचा आकडा, बोटाचा आकडा आणि कूस, तिन्ही लिहून ठेवा आणि इथे कळवा. मीटरच्या स्ट्रिपची तारीख आत्ताच बघा. आमच्या डबीचं झाकण अख्खा पावसाळा सैल राहिलं होतं, ती फेकून नवी आणावी लागली.