हायकोर्टातले जज सहकाऱ्यापेक्षा वेगळा निकाल द्यायचं कधी ठरवतात?

तुम्ही विचारलंय की बेंचवर दोन जज असतात तरी बहुतेक निकाल एकमताचेच का, आणि एखादा जज वेगळं लिहायचं नेमकं कधी ठरवतो. मी हायकोर्टात वकिली करते. चेंबरमधलं बोलणं आमच्यापर्यंत येत नाही, पण निकाल वाचून वाचून बरंच समजतं.

आधी हे बघा, सुप्रीम कोर्टात पाच जजचं बेंच असेल तर एकाने वेगळं लिहिलं तरी चार विरुद्ध एक असा निकाल लागतोच. हायकोर्टात डिव्हिजन बेंच म्हणजे दोनच जज, तिथे एक जण वेगळा गेला की निकालच अडकतो. मग मॅटर तिसऱ्या जजकडे, पुन्हा आर्ग्युमेंट, पुन्हा तारखा, आणि पक्षकार तोपर्यंत ताटकळत. फौजदारी अपिलात तर तिसऱ्याचं जे मत तोच निकाल (आधी फौजदारी प्रक्रिया संहिता म्हणजे सीआरपीसीचं कलम 392, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएसचं कलम 433).

म्हणून छोटे मतभेद ड्राफ्टमध्येच मिटतात. निकाल राखून ठेवला की दोघांपैकी एक जण लिहितो, दुसरा वाचतो, एखादा पॅरा काढा म्हणतो, एखादं वाक्य सौम्य करून घेतो. शेवट तोच पण कारणं वेगळी असतील तर वेगळं सहमतीचं निकालपत्र लिहिता येतं. खर्च किती लावायचा, मुदत किती द्यायची असल्या गोष्टींवर कोणी अडून बसत नाही, आणि बसूही नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ड्राफ्ट कितीही बदलला तरी खाली सही करणं मनाला पटत नसेल, तिथे वेगळं लिहावंच लागतं. खालच्या कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कन्फर्म करायचं प्रकरण घ्या, तिथे किमान दोन जजच्या सह्या लागतात, म्हणजे एकाला जरी खरी शंका असेल तर ती गिळून सही करणं किती भयंकर आहे विचार करा. मूलभूत हक्कांचंही तसंच. केंद्र सरकारच्या फॅक्ट चेक युनिटच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टात 31 जानेवारी 2024 ला जस्टिस गौतम पटेल यांनी हे युनिट आणणारी आयटी नियमांतली (ऑनलाइन मजकुराबद्दलचे नियम) दुरुस्ती रद्द केली आणि जस्टिस नीला गोखले यांनी वैध ठरवली. सरकारच्या कामाबद्दल काय खरं काय खोटं हे सरकारनेच ठरवायचं का, हा प्रश्न, त्यात अर्धं तुझं अर्धं माझं कसं करणार? तिसरे जज जस्टिस चांदूरकर यांनी 20 सप्टेंबर 2024 ला पटेल यांच्याशी सहमती दाखवली आणि दुरुस्ती गेली, म्हणजे जवळपास आठ महिने लागले. वेळ गेला खरा, पण दोन्ही बाजूंची कारणं पूर्ण लिहिलेली होती म्हणून तिसऱ्या जजना नेमकं कशावर ठरवायचं ते समोर होतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

अजून एक, पुष्कळ जणांना माहीत नसतं. आपल्याच हायकोर्टाच्या आधीच्या डिव्हिजन बेंचचा निकाल चुकीचा वाटला तर नवीन डिव्हिजन बेंचला सरळ उलटा निकाल देता येत नाही. का पटत नाही ते लिहून प्रकरण मोठ्या बेंचकडे न्यावं म्हणून चीफ जस्टिसकडे पाठवतात. त्यामुळे हायकोर्टातली असहमती शोधायची असेल तर फुटलेले निकाल वाचाच, पण हे रेफरन्सचे आदेशही वाचा, कितीतरी वेळा ती तिथेच सापडते.