विहिरीवरचा तो दगड फोडू नका, आणि रंगवूही नका

नमस्कार ताई,

तुमचा मेसेज वाचला, सोबतचे फोटोही नीट मोठे करून बघितले. इतरांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात. ताई एका गावच्या उपसरपंच आहेत. गावठाणात जुनी दगडी विहीर आहे, रहाटाच्या खांबाशेजारी कठड्यात एक लेख बसवलाय, शके १८३३ म्हणजे १९११ सालचा. अमुक यांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ विहीर बांधून गावास अर्पण केली असं त्यात आहे, आणि शेवटच्या ओळीत दोन जातींची नावं घेऊन या लोकांनी काठाला शिवू नये असं कोरलंय. वस्तीतली पोरं म्हणतात १४ एप्रिलच्या आत ती ओळ काढा, नाहीतर आम्हीच छिन्नी मारतो आणि वर ग्रामपंचायतीवर ॲट्रॉसिटी टाकतो. बांधणाऱ्याचे पणतू पुण्याला असतात, त्यांचा व्हॉट्सॲपवर निरोप की पणजोबांच्या नावाला हात लागला तर कोर्टात खेचीन. आणि गावातले एक रिटायर्ड गुरुजी सांगतायत की शंभर वर्षं उलटलेल्या वस्तूला हात लावला तर पुरातत्त्ववाले आत टाकतात. ताईंचा प्रश्न एवढाच की यातलं खरं कोणाचं आणि मी सही कशावर करू.

ताई, तिघांचंही अर्धवट आहे. पण त्याआधी तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगते. तुमच्या तिसऱ्या फोटोत अक्षरं लालभडक दिसतायत. १९११ चा ऑइल पेंट एवढा टिकत नाही. तुम्हीच खाली सहज लिहिलंय की पाडव्याला त्या घरची भावकी विहिरीची पूजा करते आणि अक्षरं गिरवते, आणि मला वाटतं अख्ख्या प्रकरणात सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे, दगड नाही.

का ते सांगते. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, त्याचं कलम ७, पोटकलम १ मधला 'क', म्हणजे इंग्रजीतला (c). लिहून, बोलून, खुणेने किंवा डोळ्यांना दिसेल अशा कुठल्याही प्रकारे लोकांना अस्पृश्यता पाळायला चिथावणी किंवा उत्तेजन देणं हा गुन्हा आहे. एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंड ऐकून हसू येईल, पण गुन्हा दखलपात्र आहे, आणि समोरची व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कलम १२ खाली कोर्ट असं धरूनच चालतं की हे अस्पृश्यतेच्या कारणावरून झालं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. आता ज्याने १९११ मध्ये ती ओळ कोरली तो कधीच गेला. पण जो यंदाच्या पाडव्याला ब्रश घेऊन तीच ओळ पुन्हा ठळक करतो तो आजचा माणूस आहे आणि आजचं कृत्य आहे. 'आम्ही फक्त रंग दिला मॅडम' हा बचाव मी तरी कोर्टात उभा करणार नाही. पोलिसांनी अशा वेळी ॲट्रॉसिटी लावली तर त्याच कायद्याच्या कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाचेही वांधे. तेव्हा त्या भावकीला ग्रामपंचायतीचं लेखी पत्र द्या, पूजा करा पण अक्षरांना रंग लावायचा नाही, आणि पोच घ्या.

आता पोरांचं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(र) ला, म्हणजे चारचौघांत अपमान करण्याच्या कलमाला, जिवंत आरोपी लागतो आणि त्याचा अपमान करायचा हेतू लागतो. १९११ मधल्या कृत्याला १९८९ चा कायदा लावता येत नाही, संविधानाचं कलम २० आडवं येतं. दगड जुना आहे तसा राहिला एवढ्यावरून सरपंच, तुम्ही किंवा ग्रामसेवक यांच्यावर गुन्हा बसेल असं मला वाटत नाही. मात्र लेखी अर्ज आला आणि तुम्ही तो वर्षभर दाबून ठेवला, किंवा मीटिंगमध्ये कोणी 'राहू दे की, खरं तेच लिहिलंय' असलं काही बरळलं, तर मग मी काही बोलत नाही.

ती पोरं डिसेंबर २०२० च्या जीआरचा हवाला देतायत. जीआर खरा आहे, वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवाचक नावं बदलून समता नगर, भीम नगर, शाहू नगर अशी द्यायची, त्यासाठी तो आहे. जुन्या शिलालेखातला मजकूर खोडायचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नाही. आणि विहीर गावाला अर्पण केलेली, ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत असेल (तुमची नोंद तपासून घ्या, गावठाणातल्या जागेला सातबारा शोधत बसू नका), म्हणजे ती सार्वजनिक मालमत्ता. तिच्यावर छिन्नी चालवली तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा, कलम ३, पाच वर्षांपर्यंत कैद. त्या पोरांपैकी दोघं पोलीस भरतीची तयारी करतायत असं तुम्ही लिहिलंय. चारित्र्य पडताळणीत ही एफआयआर निघाली की काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा कुणीतरी जवळच्याने समजावलेलं बरं, तेही दमात घेऊन नाही, कारण राग त्यांचा शंभर टक्के रास्त आहे.

पणतू साहेबांचं सोपं आहे. पणजोबांनी विहीर गावाला दिली तेव्हाच घराण्याचा हक्क संपला. राहिली अट. संविधानाचं कलम १५(२) विहिरी आणि तलावांचं नाव घेऊन सांगतं की सरकारी पैशावर चाललेल्या किंवा जनतेला अर्पण केलेल्या पाणवठ्यावर जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. आणि १९५५ च्या कायद्याचं कलम १६ म्हणतं की रूढी असो की दस्तऐवज, या कायद्यापुढे चालणार नाही. ती अट कधीच मेली, दगडावर राहिलीत ती नुसती अक्षरं. ते बदनामीचा दावाही बोलून दाखवतायत. मयत व्यक्तीची बदनामी आणि त्यातून कुटुंबाच्या भावना दुखवायचा हेतू, असं न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे खरं, पण लोकहितासाठी खरं ते सांगणं हा त्याला अपवाद आहे. तुम्ही पणजोबांना शिव्या देऊ नका, दगडावर आहे तेवढंच सांगा, म्हणजे झालं.

गुरुजींचं म्हणणं बरंच लोक मानतात म्हणून सांगते, जुनं असणं आणि संरक्षित असणं यात फरक आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांवरचा शिलालेख 'प्राचीन स्मारक' या व्याख्येत बसू शकतो, पण दोन वर्षं कैद आणि एक लाख दंडाची शिक्षा ही संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकाला धक्का लावल्याबद्दल आहे. राज्याची वेगळी यादी आहे. तुमची विहीर बहुतेक दोन्हींत नसावी, तरी राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला पत्र टाकून लेखी उत्तर मागवा. तोंडी नको. आणि दगड उचकटून कुणाच्या बंगल्यात किंवा जुन्या बाजारात जाऊ देऊ नका, शंभर वर्षं जुना लेख असो की वास्तूतून सुटी केलेली वस्तू, १९७२ चा पुरावस्तू कायदा तिला पुरावस्तू मानतो.

मग करायचं काय. इथे कायदा तुमच्या हाताला धरून 'ठेव' किंवा 'काढ' म्हणत नाही, म्हणून हे माझं मत म्हणून वाचा. मी ती ओळ खोडणार नाही. आमच्या पुरावा कायद्यात अगदी उदाहरण देऊन म्हटलंय की धातूच्या पत्र्यावर किंवा दगडावर कोरलेला मजकूर म्हणजे दस्तऐवज. आणि हा कसला दस्तऐवज आहे बघा, करणाऱ्याने स्वतःच्या नावानिशी, सालासकट, अभिमानाने दिलेली कबुली. आजकाल प्रत्येक गावात कोणीतरी भेटतंच, 'आमच्याकडे असलं काही नव्हतं हो, सगळे गुण्यागोविंदाने राहायचे'. त्याला या दगडापुढे नेऊन उभं करायचं. महाडच्या चवदार तळ्याची केस आठवा, सत्याग्रह १९२७ चा आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ चा, दहा वर्षं त्या वादात काय चाललं होतं तर वादी म्हणत होते की अस्पृश्यांनी तळ्याला न शिवण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, आणि ती वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही म्हणून ते हरले. तुमच्या विहिरीवर तर बंदी कोणी आणि कोणत्या साली घातली ते नावासकट कोरलंय. अनादी काळ बिळ काही नाही, १९११. असला कागद माझ्या अशिलाच्या हातात असता तर मी त्याला तो लॉकरमध्ये ठेवायला सांगितलं असतं, फोडायला नाही.

पण ही बाजू मी खुर्चीत बसून लिहितेय. ज्या बाईला रोज त्या दगडावरून आपल्या जातीचं नाव वाचत जावं लागतं तिला 'हा पुरावा आहे हं' म्हणून गप्प बसवायचा मला अधिकार नाही. म्हणून पहिली मीटिंग ग्रामसभेची नको, वस्तीत घ्या, बायकांना धरून. दगड जागेवर नको असं त्यांनी म्हटलं तर पुरातत्त्वचं उत्तर आल्यावर तो अखंड काढून जिल्ह्यातल्या एखाद्या संग्रहालयाकडे द्यायचा ठराव करा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये माहितीसकट लावा. जागेवरच राहू दे म्हणाल्या तर शेजारी नवा दगड. दिल्लीत हेच झालंय. १८५७ नंतर इंग्रजांनी रिज नावाच्या टेकडीवर स्वतःच्या सैनिकांचा स्तंभ उभारला, त्यावर आपल्या लोकांना 'शत्रू' म्हटलंय. १९७२ मध्ये सरकारने तो ना पाडला ना खरवडला, नाव अजितगड केलं आणि शेजारी पाटी लावली की या लेखातले 'शत्रू' म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध उठलेले, शौर्याने लढलेले लोक. जुनी अक्षरं तशीच आहेत, पण आता ती वाचणारा पाटीही वाचतो.

नव्या दगडाचा मजकूर वस्तीने ठरवायचा, मी फक्त कायद्याच्या दृष्टीने एक कच्चा नमुना देते: 'शेजारील लेखात १९११ साली या पाण्यावर काही जातींना मनाई केली होती. भारतीय संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ही विहीर सर्वांची आहे. ग्रामसभा ठराव क्रमांक अमुक.' बांधणाऱ्याचं नाव परत घालायची गरज नाही, ते तिथे आहेच. आणि नव्या दगडाचा खर्च पणतवंडांकडून घ्यायचा म्हणजे तेही खूश, अशी आयडिया कोणीतरी काढेलच, ती घेऊ नका, उद्या ते त्यावरही नाव कोरायला सांगतील.

काहीही करायच्या आधी दगडाचे तारखेसकट फोटो आणि जमलं तर कागदावर ठसा काढून ठेवा, एखाद्या कॉलेजच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारलं तर ते हौसेने येतील. १४ एप्रिल जवळ आलाय, तोवर ठराव आणि पुरातत्त्वचं उत्तर दोन्ही होणं अवघड आहे. त्यामुळे पोरांकडून लेखी अर्ज घ्या, त्याच दिवशी आवक नंबर टाकून पोच द्या, आणि मासिक सभेत तो विषय क्रमांक एकवर घ्या. तेवढ्या काळात वस्तीला हवं असेल तर त्या ओळीवर तात्पुरता फळा किंवा कापड लावायला हरकत नाही, दगडाला खिळा न मारता. मसुदा तयार झाला की पाठवा, बघून देते. सही सभा झाल्यावर करा, आधी कोऱ्या प्रोसिडिंगवर नको, ग्रामसेवक कितीही घाई करू देत.