या वयात जर्मन येईल का, आणि येतंय हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, देवगडला असता, मुलगा जर्मनीत आणि सून तिकडचीच. चार महिने रोज पंधरा मिनिटं ॲपवर जर्मन करताय, एक दिवस चुकवलेला नाही, तरी फोनवर सून बोलली की डोक्यावरून जातं. या वयात भाषा येते का, आणि आपण पुढे सरकतोय की नाही हे कळायचं कसं?

मी वेंगुर्ल्याची. सुरुवात केली तेव्हा ५१ वर्षांची होते, आता ५४. काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिते. लेकीने श्टुटगार्टजवळच्या एका गावात संसार थाटला. लग्न तिकडेच झालं, व्याही-विहीण इकडे अजून आलेले नाहीत. जावई इंग्रजी बोलतो, विहीणबाई नाही बोलत. आणि मला विहिणीशी गजाली करायच्या होत्या. एवढंच कारण.

आधी तुमचा हिशेब करू. चार महिने रोज पंधरा मिनिटं म्हणजे ३० तास. ग्योथं इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन, पहिल्या ए१ पातळीसाठी ८० ते २०० तासिका धरतं, एक तासिका ४५ मिनिटांची. तुमच्या झाल्या ४०. म्हणजे पहिल्या पायरीचा कमीत कमी पल्लासुद्धा निम्माच झालाय, आणि सून तर तिची रोजची भाषा बोलते. मग डोक्यावरून नाही जाणार तर काय? यात वयाचा काही दोष नाही. तिसऱ्या, बी१ पातळीसाठी ३५० ते ६५० तासिका लागतात. ‘तीन महिन्यांत बी१’ अशी जाहिरात करणाऱ्या एका ऑनलाइन क्लासला मी पैसे भरले होते. ३५० तासिका म्हणजे साधारण २६२ तास, तीन महिन्यांत बसवायचे तर रोज जवळजवळ तीन तास. हा भागाकार मी पैसे भरल्यावर केला. हिशेबनीस असून!

आणि ॲपवरचा तो सलग दिवसांचा आकडा. दुकान किती दिवस उघडलं ते त्यावरून कळतं, गल्ल्यात काय जमलं ते नाही. माझे दोनशे दिवस झाले होते तेव्हाही मी फोनवर फक्त ‘या, या’ म्हणायचे, म्हणजे हो, हो.

वयाचं म्हणाल तर लहान मुलांसारखा उच्चार आपल्याला लागत नाही, हे मान्य. माझा ‘र’ अजून वेंगुर्ल्याचाच आहे. पण व्याकरण मोठ्या माणसाला लवकर उमगतं, आणि मराठी माणसाला तर जर्मन व्याकरण निम्मं घरचंच आहे. ॲप इंग्रजीतून शिकवतं म्हणून ते दिसत नाही. ‘कारण मी आजारी आहे’ हे जर्मनमध्ये ‘वाइल इश क्रांक बिन’. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, क्रियापदासकट सगळे आपापल्या जागी. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो मग वीस, तेही तसंच म्हणतात. थंडी वाजली की आमच्या वर्गातली इंग्रजीवरून शिकलेली मुलं ‘इश बिन काल्ट’ म्हणतात आणि मॅडम त्यांना थांबवतात, कारण बरोबर आहे ‘मियर इस्ट काल्ट’. मियर म्हणजे मला. आमच्याकडे ‘माका थंडी लागता’, त्यातला माका.

लिंगंही तीन: देअर, दी, दास, म्हणजे तो, ती, ते. आमच्या मॅडम पुण्याहून ऑनलाइन शिकवतात. त्यांनी सांगितलं की मुलगी म्हणजे ‘मेडशन’ हा शब्द नपुंसकलिंगी, कारण मागे लाडाचा ‘-शन’ लागलाय. वर्गातली सगळी पोरं हसायला लागली, मुलगी ‘ते’ कशी? मला काहीच नवल वाटलं नाही. आमच्या मालवणीत ‘चेडू’ नपुंसकलिंगीच आहे. मेडशन म्हणजे ता चेडू, विषय संपला. तेव्हा तुम्हीही इंग्रजी मधून काढा आणि थेट मराठीच्या, शक्य तर मालवणीच्या शेजारी जर्मन ठेवून बघा.

आता मोजायचं कसं. मी ए२ ची, म्हणजे दुसऱ्या पातळीची परीक्षा दिली, कुडाळहून रात्री कोकणकन्या पकडून मुंबईला गेले. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं मिळून १०० पैकी ६० लागतात, ते आरामात मिळाले. परीक्षा जरूर द्या, तारीख ठरली की अभ्यास होतो. पण ती झाल्यावर महिन्याभरात विहीणबाई फोनवर मला काहीतरी सांगत होत्या, मी एक प्रश्न विचारला, तर त्या म्हणाल्या, ‘ई वॉइस नेट’. मला वाटलं, नेट गेलं म्हणतायत. मी कळवळून सांगितलं की आमच्याकडेही पावसात नेट नसतंच, काल तर दिवसभर टॉवर बंद होता. पलीकडे बराच वेळ शांतता. दोन दिवसांनी लेकीला विचारलं तर ती हसून हसून बेजार झाली. तिकडची बोली श्वेबिश. पुस्तकातलं ‘इश वाइस निश्त’, म्हणजे मला माहीत नाही, ते त्यांच्या तोंडी ‘ई वॉइस नेट’ होतं. पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला वेंगुर्ल्याच्या बाजारात कुणी ‘खंय चललंस?’ विचारलं तर त्याचं जे होईल ते माझं झालं. तुमची सून कुठल्या भागातली आहे हे आधी विचारून घ्या. कदाचित तुम्हाला जर्मन कळत नाही असं नसेलच, तिची मालवणी कळत नसेल.

तर माझं खरं मोजमाप म्हणजे एक वही आहे. साधी दोनशे पानी, तिच्यावर मी ‘उधारी’ लिहिलंय. फोनवर जे कळलं नाही ते जसं कानावर पडलं तसं देवनागरीत उतरवायचं, पुढे तारीख. तेव्हा अर्थ शोधायचा नाही, स्पेलिंगच्या नादाला लागायचं नाही. देवनागरी या कामाला फार सोयीची, ऐकलं तसं लिहिता येतं. पुढे कधी तो शब्द धड्यात, बातमीत, कुणाच्या बोलण्यात भेटला आणि आपोआप उलगडला, की समोर दुसरी तारीख टाकायची, वसूल. महिन्याच्या शेवटी जुनी पानं चाळायची आणि किती उधारी अजून थकलीय ते बघायचं.

या वहीत एक गोष्ट दिसते जी मला आधी माहीत नव्हती. पहिल्या पानांवर नोंदी आहेत ‘...फाअर... गेष्टर्न?...’ अशा. अख्खं वाक्य धुक्यात आणि मधे एखादा खडक. सात-आठ महिन्यांनंतरच्या नोंदी म्हणजे पूर्ण वाक्य आणि मधे एकच भोक. न कळणं तेवढंच आहे असं वाटतं, रोज वैताग तितकाच येतो, पण न कळण्याचा आकार लहान होत जातो. तो वही नसती तर दिसला नसता. मधे एक काळ असाही येतो की आपण मागे चाललोय असं वाटतं. बोलता बोलता आपलीच चूक आपल्याला ऐकू यायला लागते, दास म्हणायचं होतं, देअर गेलं तोंडातून. आधीही आपण चुकतच होतो, फक्त ऐकू येत नव्हतं. कान जिभेच्या पुढे गेलेला असतो. तेव्हा सोडू नका, मी सोडणार होते.

माझी सगळ्यात जुनी वसुली सांगते. तिसऱ्या महिन्यात विहीणबाईंनी विचारलं, घर कुठे आहे? मी डिक्शनरीत समुद्र शोधून ठेवला होता, शब्द मिळाला ‘झे’. मोठ्या ऐटीत म्हणाले, ‘वीर व्होनन आम झे’, आम्ही समुद्राकाठी राहतो. त्यांनी विचारलं, ‘बोडनझे’एवढा मोठा का? बोडनझे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण आपला समुद्र कशाहून लहान असणार? म्हटलं, ‘या, या, फील ग्र्योसर’, खूप मोठा. मग त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, त्यातलं एक ‘त्सूफ्रीरन’ तेवढं कानात राहिलं. त्यालाही मी ‘या, या’ म्हटलं आणि रात्री ते वहीत उतरवलं. त्या दिवाळीला तिकडून पार्सल आलं, त्यात लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड. मला वाटलं असेल त्यांची पद्धत.

दहाव्या महिन्यात धड्यात बोडनझेवर एक उतारा आला आणि मी तिथेच थांबले. जर्मनमध्ये ‘दी झे’ म्हणजे समुद्र, आणि ‘देअर झे’ म्हणजे तळं. बोडनझे हे तिकडचं एक मोठं तळं. शब्द तोच, लिंग बदललं की पाणी बदलतं. ‘आम झे’ म्हटलं की तळंच, कारण ‘आम’ स्त्रीलिंगाला लागत नाही. मी ‘आन देअर झे’ किंवा सरळ ‘आम मेअर’ म्हणायला हवं होतं. उताऱ्यात खाली वाक्य होतं की १९६३ साली बोडनझे पूर्ण गोठला होता, आणि त्यात तो शब्द, ‘त्सूफ्रीरन’. मी उठले, वही काढली, आणि सात महिन्यांपूर्वीचा तो फोन मला त्या क्षणी अथपासून इतिपर्यंत कळला. विहीणबाईंनी विचारलं होतं, हिवाळ्यात तुमचं तळं गोठतं का? आणि मी वेंगुर्ल्यात बसून, पंखा लावून, हो हो म्हणाले होते.

समोर तारीख टाकली आणि त्याच संध्याकाळी फोन करून त्यांना सांगितलं, तेही जर्मनमध्ये, सतरा चुका करत. त्या इतक्या हसल्या की व्याही बघायला आले. तेव्हापासून दर अमावास्या-पौर्णिमेला, मीच उधाणाचं सांगून ठेवलंय त्यांना, सकाळी मेसेज येतो: तळ्याला भरती आली का?